तिकीट खिडकीवर का सांगत नाही?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतील बुद्ध विहाराच्या युवक मंडळाची सहल एका मोठ्या मनोरंजन पार्कला गेली होती. पार्कचे नाव येथे लिहीत नाही, कारण हा प्रश्न त्या एका पार्कापुरता नाही. मंडळातील चाळीस मुलामुलींनी तीन महिने वर्गणी साठवली होती. तिकीट माणशी हजाराच्या वर, बसचे भाडे वेगळे. मुलांत दहावीची परीक्षा दिलेला एक मुलगा होता. लहानपणी अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली गेलेला. तो जयपूर फूट लावतो. क्रिकेट खेळतो, जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळतो. त्याचे वडील सफाई कामगार आहेत. त्यांनी ओव्हरटाइमच्या पैशातून मुलाचे तिकीट भरले होते.

पहिल्या राईडच्या रांगेत हा मुलगा मित्रांबरोबर पाऊण तास उभा राहिला. त्याने हाफ पँट घातली होती. फाटकाजवळ पोहोचल्यावर ऑपरेटरने त्याच्या पायाकडे बघितले आणि हाताने बाजूला हो अशी खूण केली. मी विचारले, का? तो म्हणाला, "हँडिकॅप अलाऊड नाही." कुठे लिहिले आहे? त्याने मागच्या भिंतीवरचा बोर्ड दाखवला. तो बोर्ड इंग्रजीत होता आणि रांगेच्या शेवटी, राईडच्या अगदी तोंडाशी लावलेला होता. हृदयविकाराचे रुग्ण, गरोदर स्त्रिया, मद्यपान केलेल्या व्यक्ती आणि शारीरिकदृष्ट्या अपंग व्यक्ती यांनी या राईडमध्ये बसू नये, अशी एका दमातली यादी. दुसऱ्या राईडवर तेच झाले. वास्तविक ती राईड म्हणजे सावकाश फिरणारी एक बोट होती. तिच्यात तीन वर्षांची मुले बसत होती!

खरी गंमत पुढे आहे. दुपारी पाण्यात भिजल्यावर मुलाने कपडे बदलून फुल पँट घातली. मग तो त्या पार्कमधल्या सर्वांत उंच, सर्वांत वेगवान राईडच्या रांगेत जाऊन उभा राहिला. तिथे कुणी त्याच्याकडे पाहिले नाही, विचारले नाही. तो बसला आणि आनंदाने खाली उतरला. म्हणजे सावकाश बोटीला पाय चालत नाही, आणि आकाशात उलटे टांगणाऱ्या राईडला चालतो. फरक फक्त पँटच्या लांबीचा होता.

मला हे त्याने संध्याकाळी सांगितले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तो का आला, ते पुढे सांगतो. तिकीट खिडकीवर जाऊन मी पैशांबद्दल विचारले. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिले होते की पैसे कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाहीत. खिडकीतल्या मुलीने ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. तिचा काही दोष नाही. तिला जे शिकवले ते ती बोलत होती. मी तिला म्हटले, "बाई, हीच ओळ तुम्ही एवढी नेमकी दाखवता, तर कोणत्या राईडवर कोण बसू शकत नाही हे तिकीट देण्याआधी का दाखवत नाही?" ती म्हणाली, "ते तिथे गेल्यावर ऑपरेटर सांगतो सर."

परतीच्या बसमध्ये मी मुलाला म्हटले, आधी कळले असते तर आपण दुसरीकडे गेलो असतो. तो म्हणाला, "नाही वकीलकाका, मी आलोच असतो. फक्त पाऊण तास रांगेत उभा राहून सगळ्यांसमोर बाजूला निघालो नसतो."

या एका वाक्यात सगळा खटला आहे. बंधन घालू नका, असे त्याचे म्हणणे नाही. बंधन पैसे घेण्याआधी सांगा, नेमके सांगा आणि ते का आहे ते सांगा, एवढीच त्याची मागणी आहे.

वाचकांपैकी काही म्हणतील, सुरक्षेचा प्रश्न आहे, पार्कवाल्यांचे काय चुकले? सुरक्षेचा प्रश्न आहे, हे मलाही मान्य आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील डेरियन लेक या पार्कमध्ये जुलै २०११ मध्ये एका माजी सैनिकाचा रोलर कोस्टरवरून फेकला जाऊन मृत्यू झाला. इराकच्या युद्धात त्याचे दोन्ही पाय गेले होते. त्या राईडच्या नियमात बसणाऱ्याला दोन्ही पाय असले पाहिजेत, असे लिहिलेले होते. तरीही त्याला बसू दिले गेले. राज्याच्या चौकशीत राईड चालवणाऱ्यांची चूक निघाली. तिथे माणुसकीच्या भावनेने, देशासाठी लढलेला माणूस म्हणून कुणी नाही म्हटले नसेल. पण यंत्राला भावना नसते. आमच्या मुलाला फुल पँटमुळे त्या उंच राईडवर बसवले गेले, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर ही घटना आली. सावकाश बोटीवर नाकारणे आणि धोक्याच्या राईडवर न पाहता बसवणे, या दोन्ही गोष्टी एकाच निष्काळजीपणातून येतात. बोर्डावर ‘अपंग’ एवढाच शब्द लिहिला की ऑपरेटर डोळ्यांना दिसेल त्याला अपंग समजतो, आणि न दिसेल त्याला सोडून देतो.

राईडमध्ये माणसाला धरून ठेवणारी साधने वेगवेगळी असतात, हे येथे समजून घेतले पाहिजे. काही राईडमध्ये मांड्यांवर एक दांडी येऊन बसते. ती मांड्यांना दाबून माणसाला जागेवर ठेवते. ज्याच्या दोन्ही मांड्या नाहीत किंवा फार आखूड आहेत, त्याला ती दांडी धरू शकत नाही. डेरियन लेकला हेच घडले. पण ज्याचा पाय गुडघ्याखाली गेला आहे, त्याच्या मांड्या शाबूत असतात. त्याच्यासाठी ती दांडी इतरांसारखेच काम करू शकते. प्रश्न उरतो तो कृत्रिम पाय वेगात निसटून कुणाला लागण्याचा. तो काढून ठेवायचा की पट्ट्याने आवळायचा, हे राईड बनवणाऱ्याने सांगायचे असते. काही राईडमध्ये साधन खांद्यावरून खाली येते आणि जोराचे हिसके बसतात. तिथे पायापेक्षा मानेचा प्रश्न मोठा असतो. ज्याला मान स्वतःच्या ताकदीने सावरता येत नाही त्याला तिथे खरा धोका आहे. काही ठिकाणी निदान एका हाताने मूठ घट्ट धरावी लागते. आणि राईड मध्येच उंचावर बंद पडली तर शिडीने किंवा अरुंद पायऱ्यांनी खाली उतरावे लागते, हा मुद्दा तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्याला आत बसवता येईल, पण वरून उतरवायचे कसे, याची तयारी पार्ककडे पाहिजे.

म्हणजे धोका ‘अपंगत्व’ नावाच्या एका गोष्टीत नसतो. मांडी, मान, मूठ आणि पायऱ्या यांत तो असतो. हे प्रत्येक राईडच्या उत्पादकाने आपल्या पुस्तिकेत दिलेले असते किंवा त्याला विचारून घेता येते. मग ती पुस्तिका कचेरीच्या कपाटात ठेवायची आणि बोर्डावर मात्र गरोदर स्त्री, दारू प्यालेला आणि अपंग यांना एका ओळीत बसवायचे, हा कुठला न्याय? त्या ओळीऐवजी असे लिहिता येत नाही का: ‘या राईडमध्ये मांडीवर दांडी बसते. बसणाऱ्याच्या दोन्ही मांड्या गुडघ्यापर्यंत असाव्यात. एका हाताने तरी मूठ धरता आली पाहिजे. राईड बंद पडल्यास जिन्याने उतरावे लागेल. कृत्रिम पाय असल्यास ऑपरेटरला सांगा.’ पाच वाक्ये झाली. ज्याला आपले शरीर माहीत आहे तो हे वाचून स्वतःच ठरवेल. अपंग माणसाला आपल्या शरीराची जेवढी माहिती असते तेवढी त्या एकवीस-बावीस वर्षांच्या कंत्राटी ऑपरेटरला कशी असणार?

बाहेरच्या देशांत हे चालते. अमेरिकेतील ऑर्लँडोचे युनिव्हर्सल पार्क राईडनिहाय पुस्तिका काढते. कोणत्या राईडला कोणता अवयव, कोणती पकड लागते हे त्यात दिलेले असते. काही राईडच्या बाहेर नमुन्याची खुर्ची ठेवलेली असते. रांगेत उभे राहण्याआधी तिच्यात बसून बघायचे, दांडी लागते की नाही ते पाहायचे आणि मग ठरवायचे. तिथेही सगळे गोड आहे असे मी म्हणत नाही. त्याच कंपनीच्या पाण्याच्या पार्कमध्ये एक हात नसलेल्या माणसाला एका घसरगुंडीवर मनाई झाली आणि प्रकरण कोर्टात गेले. राज्याचा कायदा उत्पादकाच्या सूचना पाळायला सांगतो म्हणून आम्ही मनाई केली, असा पार्कचा बचाव होता. तेवढ्यानेच मनाई ‘आवश्यक’ ठरत नाही, असे तेथील अकराव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. अमेरिकेच्या १९९० च्या अपंग कायद्याखालील नियमच असे सांगतात की सुरक्षेची अट प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेली असावी. अंदाज, ठोकळेबाज समजुती किंवा सरसकट विधाने यांवर नसावी.

टेक्सासमधील सॅन अँटोनिओला २०१० साली ‘मॉर्गन्स वंडरलँड’ नावाचे पार्क सुरू झाले. एका बापाने आपल्या अपंग मुलीला इतर मुले खेळायला घेत नाहीत हे पाहून ते उभारले. तिथे व्हीलचेअरसह बसता येणारे पाळणे आहेत आणि अपंगांना तिकीट नाही. चांगले आहे. पण मला स्वतःला अपंगांसाठी वेगळे पार्क हे उत्तर वाटत नाही. वेगळ्या पाणवठ्यावर समाधान मानण्याची सवय आपल्या चळवळीने १९२७ सालीच महाडला सोडून दिली आहे.

महाडचा उल्लेख उगाच केलेला नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्याबरोबर दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक मनोरंजनाची ठिकाणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. चहाच्या दुकानात वेगळी कपबशी आणि तमाशाच्या कनातीत वेगळी जागा सोसलेल्या माणसांना त्या शब्दांचे मोल कळेल. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या अनुच्छेदावर चर्चा झाली. तेव्हा बाबासाहेबांनी ‘दुकान’ हा शब्द सेवा देणाऱ्या कोणत्याही जागेपर्यंत व्यापक अर्थाने घेतला आहे, असा खुलासा केला होता. परंतु त्या खंडात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ही पाचच कारणे आहेत. अपंगत्व नाही. फाटकावर अडवलेल्या अपंग माणसाला अनुच्छेद १५ थेट दाखवता येत नाही, ही पोकळी बरीच वर्षे राहिली.

१९९५ च्या कायद्याने ती थोडी भरली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने बरीच भरली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सातऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वे त्यात आली. कलम ३ म्हणते, अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. अपवाद एवढाच की ती कृती रास्त उद्दिष्टासाठी प्रमाणशीर उपाय आहे हे दाखवता आले पाहिजे. ‘प्रमाणशीर’ हा शब्द वकिलांनी नीट धरावा. उंच राईडवर दोन्ही मांड्या नसलेल्याला थांबवणे प्रमाणशीर ठरेल. तीन वर्षांचे मूल बसते त्या बोटीवर एका पायाच्या मुलाला थांबवणे कसे प्रमाणशीर ठरेल? आणि पैसे घेऊन, रांगेत उभे करून, मग थांबवणे तर कोणत्याच उद्दिष्टाला लागत नाही. सुरक्षा जशी फाटकावर सांगून साधते तशीच ती खिडकीवर सांगूनही साधते.

याच कायद्याचे कलम २९ मनोरंजनाच्या हक्काचे आहे. कलम ४० इमारती आणि वाहनांबरोबर माहिती व संपर्क आणि लोकांना दिल्या जाणाऱ्या इतर सेवा यांनाही सुगम्यतेच्या मानकांत घेते. कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही बांधते. कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत आणि पुढच्याला पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. अडचण झाली ती नियमांत. २०१७ च्या नियमांतील नियम १५ मध्ये जी मानके दिली ती बहुतांशी शिफारशीसारखी होती. पाळली तर पाळली. राजीव रातुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याच्या याचिकेत ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि ज्या अटी पाळल्याच पाहिजेत त्या वेगळ्या काढून तीन महिन्यांत नियम करा, असे केंद्र सरकारला सांगितले. अशा न पाळून चालणार नाहीत अशा अटींत ‘सेवेतील बंधने पैसे घेण्यापूर्वी, सुगम स्वरूपात सांगणे’ ही अट यायला हवी, असे माझे मत आहे. रॅम्प दिसतो म्हणून त्याचा फोटो काढला जातो. माहितीचा फोटो निघत नाही.

सुरक्षेच्या नावाने अपंगांना उतरवण्याचे आपल्याकडचे गाजलेले प्रकरण विमानाचे आहे. जीजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. विमान कंपनीनेही सुरक्षेचेच कारण दिले होते. तिथेही कुणी त्यांना आधी विचारले नव्हते, तुम्हाला काय जमते आणि काय नाही.

आतापर्यंत मी दिसणाऱ्या अपंगत्वाबद्दल लिहिले. न दिसणाऱ्याचे काय? कर्णबधिर मूल राईडमध्ये बसते आणि सूचना मात्र भोंग्यावरून येतात: दांडी सोडू नका, उठू नका, थांबेपर्यंत बसून राहा. एक चित्रांचा फलक लावला तरी हा प्रश्न सुटतो. दृष्टिहीन माणसाला बहुतेक राईड चालतात, पण पुढे अचानक खाली पडणार आहे की गोल फिरणार आहे, हे त्याला कुणी तोंडी सांगावे लागते. फिट येणाऱ्याला लखलखणाऱ्या दिव्यांची पूर्वसूचना लागते. स्वमग्न मुलाच्या आईला रांग किती वेळाची आणि आवाज केवढा, हे आधी कळले पाहिजे.

आणि आपल्या विदर्भातील वाचकांना तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सिकलसेल हा आजार २०१६ च्या कायद्यातील एकवीस अपंगत्वांपैकी एक आहे. पूर्व विदर्भात आदिवासी आणि आपल्या समाजातील कितीतरी घरांत तो आहे. गार पाण्यात फार वेळ राहिल्याने आणि अंगातील पाणी कमी झाल्याने सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. उन्हाळ्यात गावोगावच्या शाळा आणि क्लासवाले मुलांना वॉटर पार्कला नेतात. तिथल्या बोर्डावर हृदयविकार असतो, रक्तदाब असतो. सिकलसेल हा शब्द मी अजून एकाही बोर्डावर वाचलेला नाही. हे मूल धडधाकट दिसते. त्याला कुणी अडवणार नाही, आणि ते बरेही आहे. पण पाण्यात किती वेळ राहावे, मधून बाहेर येऊन अंग कोरडे करावे, पाणी पीत राहावे, एवढे दोन ओळींत लिहायला काय जाते?

महाराष्ट्रात अपंग कल्याण आयुक्तालय पुण्याला आहे. २०२२ साली सरकारने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही केला. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला. (आमचा मुलगा म्हणतो, मला दिव्य काही मिळालेले नाही, पाय गेलेला आहे.) शब्द बदलला, पण बोर्ड बदलला नाही. वास्तविक सरकारच्या हाती चावी आहे. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खालील नियमांनुसार परवाने दिले जातात. यात्रेतल्या आकाशपाळण्यालाही परवानगी लागते. राईडनिहाय बंधने मराठीत, मोठ्या अक्षरात, तिकीट खिडकीवर लावा आणि फोनवर विचारणाऱ्याला वाचून दाखवा, ही अट परवान्यात घालायला नवा कायदा लागत नाही. मोठ्या पार्कपेक्षा यात्रेतला पाळणा मला जास्त भीतीदायक वाटतो. तिथे बोर्डच नसतो, आणि चालवणारा गर्दी बघून दांडी लावतो.

ज्यांना आज अडवले गेले त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, तिकीट आणि बोर्ड यांचे फोटो जपून ठेवावेत. राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. ग्राहक म्हणूनही जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे, आणि आता तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते. म्हणजे पार्क रायगडला असो की ठाण्याला, भंडाऱ्याच्या माणसाला भंडाऱ्यातच दाद मागता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ या छापील ओळीला घाबरू नये. करारातील एकतर्फी अट अन्याय्य आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार छापखान्याला नाही. शाळांच्या मुख्याध्यापकांनी तर सहल ठरवण्याआधी पार्ककडून राईडनिहाय यादी लेखी मागवलीच पाहिजे. वर्गातले एक मूल दिवसभर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसते, ती कसली सहल?

आम्ही त्या पार्कला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. तीन गोष्टी विचारल्या: त्या दोन राईडसाठी उत्पादकाची नेमकी अट काय आहे, ती तिकीट खिडकीवर का लावलेली नाही, आणि उंच राईडवर मुलाला न विचारता कसे बसवले? दीड महिन्याने चार ओळींचे उत्तर आले. पाहुण्यांची सुरक्षा हे आमचे सर्वोच्च प्राधान्य आहे, असे त्यात होते. तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. मुलाचे वडील म्हणाले, "जाऊ द्या साहेब, हजार रुपयांसाठी कशाला?" मुलगा मात्र जाऊ द्या म्हणत नाही. वकीलपत्रावर पालक म्हणून वडिलांची सही लागते. ती त्याने परवा त्यांच्याकडून करून घेतली.

यंदाच्या सहलीसाठी मंडळाने दुसरे पार्क निवडले आहे. मी आधीच फोन करून विचारले, एका पायाने कृत्रिम अवयव वापरणारा मुलगा आहे, तुमच्या कोणत्या राईड चालतील? पलीकडच्या माणसाने थोडा वेळ थांबायला सांगितले, मग म्हणाला, "तुम्ही या तर खरे, आल्यावर बघू." मी त्याला म्हटले, आम्ही येण्याआधी बघा. त्याला ईमेलवर नऊ राईडची नावे पाठवली आहेत आणि प्रत्येकीसमोर मांडी, मान, मूठ आणि पायऱ्या असे चार रिकामे रकाने ठेवले आहेत. सहल रविवारी नसून त्याच्या पुढच्या रविवारी आहे. रकाने भरून आले तरच मंडळ आगाऊ पैसे भरणार आहे.